सैल कुऱ्हाड

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाकडाच्या दांड्याची साथ मिळाल्याखेरीज लोखंडी पात्याला झाड तोडता येत नाही. म्हणजे झाडाचा घात करणारा त्याच्याच कुळातला निघतो, असा तिचा आशय आहे. घरभेदीपणावर बोट ठेवण्यासाठी ती वापरली जाते आणि त्या अर्थाने ती चपखलही आहे. परंतु रोज कुऱ्हाड हाती धरणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, तर दांडा गोतास काळ ठरण्याची आणखी एक रीत आहे. दांडा सैल झाला की पाते निसटते, आणि निसटलेले पाते झाडावर न बसता माणसावर बसू शकते. तो माणूस बहुधा परका नसतो. फांद्या ओढणारी बायको, काटक्या वेचणारे मूल किंवा जोडीने काम करणारा सोबती यांच्यापैकीच तो कोणीतरी असतो.

असे असूनही सैल कुऱ्हाड ही खेड्यापाड्यांत किरकोळ गोष्ट समजली जाते. सरपण फोडता फोडता पाते हलू लागले, की दांडा दोनदा दगडावर आपटला जातो, कुऱ्हाड रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी काम पुढे चालू होते. या उपायाला दुरुस्ती म्हणण्याची सवय झाली आहे. वस्तुतः ती दुरुस्ती नव्हे. दोष एका दिवसापुरता झाकणे आणि तो अधिक वाढवणे होय. ही सवय सुटली पाहिजे, आणि ती सुटण्यासाठी केवळ 'सांभाळून काम करा' असा उपदेश पुरेसा नाही. पाते सैल का होते, हे कारण समजले पाहिजे.

दगड किंवा धातू लाकडाशी घट्ट जोडण्याचा प्रश्न फार जुना आहे. १९९१ मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेवरील आल्प्स पर्वतात बर्फात गोठलेला एक प्राचीन मानवी देह सापडला. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या त्या माणसाजवळ तांब्याची एक कुऱ्हाड होती. तिचा लाकडी दांडा जसाच्या तसा टिकून होता. दांड्याच्या बेचक्यात तांब्याचे पाते बसवून ते भूर्ज वृक्षापासून केलेल्या डिंकासारख्या चिकट पदार्थाने चिकटवलेले आणि वरून चामड्याच्या पट्टीने आवळलेले होते. महाराष्ट्रातही संगमनेरजवळच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननामुळे ताम्रपाषाणयुगातील तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी उजेडात आल्या. त्यांना दांड्यासाठी भोक नाही. त्याही अशाच कशातरी खोचून बांधाव्या लागत असणार. पुढे पात्यालाच भोक ठेवून त्यात दांडा बसवण्याची पद्धत रूढ झाली आणि कुऱ्हाड अधिक भक्कम झाली. तरीही तिचा कमकुवत भाग तोच राहिला. बायबलच्या जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकात, लाकूड तोडताना पाते दांड्यातून निसटून शेजाऱ्याचा मृत्यू झाला, तर तोडणाऱ्याला अभय कोठे मिळावे, याचा नियम सांगितला आहे. धर्मग्रंथाला त्याची तरतूद करावी लागली, यावरून हा अपघात त्या काळीही किती ओळखीचा होता, हे ध्यानात येते.

हा अपघात गंभीर का ठरतो, हे साध्या गणिताने कळते. कुऱ्हाड फिरवताना पाते वर्तुळाच्या कमानीसारख्या मार्गाने जाते. प्रत्येक क्षणी त्याची ओढ सरळ रेषेत निघून जाण्याकडे असते. दांडा त्याला धरून वळवत असतो. समजा, पात्याचे वजन दीड किलोग्रॅम आहे, ते खांद्यापासून एक मीटर अंतरावर फिरत आहे आणि त्याचा वेग सेकंदाला दहा मीटर आहे. तर ते धरून ठेवण्यासाठी सुमारे दीडशे न्यूटन, म्हणजे पात्याच्या वजनाच्या दहापट बल लागते. हे बल सांध्यातील लोखंड आणि लाकूड यांच्या परस्परांवरील घट्ट पकडीतून मिळते. सांधा सैल झाला की पकड सुटते, आणि दीड किलोचे धारदार लोखंड त्याच वेगाने समोर किंवा मागे भिरकावले जाते. तोडणाऱ्याची नजर लाकडावर असते, आणि जवळ उभ्या असलेल्याला बाजूला होण्याइतकाही अवधी मिळत नाही.

आता पाते सैल का होते ते पाहू. लाकूड हा निर्जीव वाटणारा पदार्थ हवेतील ओलाव्याला सतत प्रतिसाद देत असतो. ओल वाढली की ते फुगते, ओल घटली की आकसते. हा फरक लांबीत जवळजवळ नसतो, जाडीत मात्र चांगलाच जाणवतो. ओला दांडा सुकताना जाडीत शेकडा चार इतका जरी आकसला, तरी पन्नास मिलिमीटर रुंदीच्या भोकात दोन मिलिमीटरांची फट पडते. लोखंड मात्र ओलाव्याने फुगत नाही आणि आकसतही नाही. म्हणून आषाढ-श्रावणात घट्ट बसलेली कुऱ्हाड चैत्र-वैशाखात हलू लागते. विदर्भात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा झोपडीच्या कुडाला टेकवून ठेवलेला दांडा आतून सुकत असतो. नुकत्याच तोडलेल्या फांदीचा दांडा घाईने बसवला असेल, तर तो सैल होण्यासाठी उन्हाळ्याचीही वाट पाहावी लागत नाही. याखेरीज प्रत्येक घावाचा हादरा सांध्यातील लाकडाचे तंतू थोडे थोडे चेपत राहतो. कुऱ्हाडीच्या बोथट मागच्या बाजूने खुंट्या ठोकण्याची किंवा तिच्यावर घण मारण्याची सवय असेल, तर पात्याचे भोकच हळूहळू वेडेवाकडे होते.

पाण्यात बुडवण्याच्या उपायातील फोलपणा येथे स्पष्ट होतो. भिजलेले लाकूड फुगते हे खरे. परंतु भोवती लोखंडाचे कडे असल्याने त्याला बाहेर फुगण्यास जागा नसते. मग त्याचे तंतू आतल्या आत चिरडले जातात. बाहेरून सांधा घट्ट भासतो. एकदोन दिवसांत पाणी उडून जाते, लाकूड पुन्हा आकसते, आणि चिरडलेले तंतू आपल्या मूळ आकारावर येत नाहीत. परिणामी दांडा भिजवण्यापूर्वी होता त्याहूनही बारीक होतो. पुढच्या वेळी तो अधिक सैल निघतो, अधिक वेळ भिजवावा लागतो आणि अखेर कुजू लागतो. भोकातील लोखंडालाही गंज चढतो. ज्याला उपाय समजले, तोच रोगाचे कारण बनतो.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे दांड्याच्या डोक्यात दोनचार खिळे ठोकणे. खिळा लाकडाला सर्व बाजूंनी सारखा फुगवत नाही; तंतूंच्या मधून घुसून तो लाकूड चिरतो. काही जण फटीत चिंध्या कोंबतात. चिंधी दाबली जाते आणि घावाघावाला सरकत बाहेर येते. सर्वांत मोठी हानी होते ती मोडक्या दांड्याचे अडकलेले लाकूड काढण्यासाठी पाते विस्तवात टाकल्याने. लोहार पोलादाला पाणी देतो, म्हणजे ते तापवून योग्य वेळी थंड करतो आणि धारेला कणखरपणा आणतो. विस्तवात पडलेल्या पात्याचे हे पाणी उतरते. धार मऊ पडते, पुनःपुन्हा वळते, आणि लोहाराचे सारे कसब राखेत जाते.

योग्य दुरुस्ती यांपैकी कोणत्याही उपायापेक्षा फारशी अवघड नाही. प्रथम दांडा तपासावा. त्याला उभी चीर गेली असेल, तो पात्याजवळ पिचला असेल किंवा कुजला असेल, तर दुरुस्तीचा विचार सोडून नवा दांडा बसवणे हेच शहाणपण होय. दांडा धड असेल आणि पाते जरासेच हलत असेल, तर कुऱ्हाड एका हाताने उलटी, म्हणजे पाते खाली राहील अशी, अधांतरी धरावी आणि दांड्याच्या वरच्या मोकळ्या टोकावर लाकडी मोगरीने ठोके द्यावेत. जड पाते जडत्वामुळे जागच्या जागी राहते आणि दांडा त्याच्यात उतरत जातो. पाते जमिनीवर टेकवण्याची गरज नसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही गंमत वाटते. परंतु न्यूटनने सांगितलेला गतीचा पहिला नियम एका साध्या अवजारात काम करत असल्याचा तो पुरावा आहे.

त्यानंतर पाचरीकडे लक्ष द्यावे. चांगल्या कुऱ्हाडीचे भोक वरच्या बाजूस किंचित रुंद असते. दांडा खालून आत सरकवला, त्याच्या डोक्यात करवतीने आधीच दिलेल्या खाचेत पाचर ठोकली, की दांड्याचे डोके वरच्या रुंद भागात पसरते. मग पात्याला वर सरकण्यास वाटच उरत नाही. ही खाच भोकाच्या खोलीच्या सुमारे दोनतृतीयांश असावी. पाचर कठीण आणि पूर्ण वाळलेल्या लाकडाची, भोकाच्या लांबीइतकी रुंद आणि हळूहळू निमुळती होत गेलेली असावी. ओल्या लाकडाची पाचर स्वतःच आकसून बाहेर पडते. जुनी पाचर सैल झाली असेल, तर ती उपसून थोडी जाड पाचर बसवावी. लाकडी पाचर धड असूनही किंचित ढिलाई राहिली, तर लोखंडाची एक लहान पाचर तिला तिरकी छेद देईल अशी ठोकावी. दांड्याचे टोक पात्याच्या वर दोनचार मिलिमीटर राहू द्यावे. शेवटी उघड्या टोकाला आणि साऱ्या दांड्याला जवसाचे तेल चोळावे. तेलाने सैल सांधा घट्ट होत नाही. पण नीट बसवलेल्या लाकडात ओलाव्याची ये-जा मंदावते आणि सांधा अधिक काळ टिकतो. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

कुदळीची रीत याहून वेगळी आहे. तिचे पाते दांड्याच्या बारीक टोकाकडून ओवून जाड टोकापर्यंत नेतात. काही भागांतील कुऱ्हाडीही अशाच असतात. अशा अवजाराचे पाते फिरवताना बाहेर, म्हणजे जाड टोकाकडे ओढले जाते आणि अधिकाधिक आवळते. म्हणून त्याला पाचरीची गरज सहसा नसते. दांड्याचे जाड टोक दगडावर आपटले की पाते पुन्हा घट्ट बसते. एका अवजाराला लागू पडणारा हा उपाय दुसऱ्याला तसाच लावला जातो, हेही सैल कुऱ्हाडीचे एक कारण आहे. कारण न समजता केलेली नक्कल अशीच फसते.

दांड्याच्या लाकडाची निवड हा याच ज्ञानाचा पुढचा भाग. बाभूळ आणि धावडा यांची लाकडे महाराष्ट्रात अवजारांसाठी पूर्वीपासून वापरली जातात, कारण ती चिवट असतात आणि हादरा सोसतात. परंतु केवळ जात पाहून भागत नाही. लाकडाचे तंतू दांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावे लागतात. म्हणून जाणता कारागीर ओंडका करवतीने कापण्यापेक्षा फोडतो; फोडताना लाकूड आपल्या तंतूंच्या रेषेनेच दुभंगते. बाजारात मिळणाऱ्या रंगवलेल्या दांड्यात ही रेषा दिसतच नाही. दांडा घेताना रंगाच्या चकाकीपेक्षा तंतूंची सरळ रेषा पाहण्याची सवय लागली, तर अनेक दांडे मोडण्यापूर्वीच दुकानात परत राहतील.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो वाजवी आहे. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याला दांडा सावलीत महिनोन्‌महिने वाळवण्याची, पाचर घडवण्याची सवड कोठून मिळणार? लाकडाच्या मापावर मोबदला मिळत असेल, तर दुरुस्तीत गेलेला अर्धा तास म्हणजे तेवढी मजुरी बुडाली. त्यामुळे सैल कुऱ्हाड चालवणाऱ्याला निष्काळजी ठरवणे सोपे असले, तरी न्याय्य नाही. पुष्कळदा तो धोका जाणतो आणि नाइलाजाने पत्करतो. येथे जबाबदारीचा दुसरा वाटेकरी पुढे यायला हवा. जो काम देतो, मग तो शेतमालक असो, ठेकेदार असो की एखादी संस्था, त्याने कामाच्या ठिकाणी दोन वाळलेले दांडे, मूठभर पाचरी आणि एक मोगरी ठेवावी. दुरुस्तीला लागणारा वेळ कामाचाच वेळ धरावा. हा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून फार मोठा नाही. अपघातानंतर दवाखान्याच्या वाटेवर होणाऱ्या खर्चाशी आणि घरातील कमावता हात आडवा पडण्याशी तर त्याची तुलनाच होऊ शकत नाही.

मजुराच्या बाजूनेही काही गोष्टी विनाखर्च करता येतात. पाते जेथे दांड्याला भिडते, तेथे कोळशाने एक रेघ ओढून ठेवावी. रेघ आणि पाते यांच्यात अंतर दिसू लागले, की पाते सरकत असल्याचे कळते. काम सुरू करण्यापूर्वी पाते हाताने हलवून पाहावे. कुऱ्हाडीच्या समोर आणि मागे, पाते जाऊ शकेल अशा रेषेत, कोणालाही उभे राहू देऊ नये. मुलांना तर नाहीच नाही. आणि हलणारे पाते दिसताच काम थांबवावे. 'एवढे एक खोड संपवतो आणि मग पाहतो' हा विचार सर्वांत घातक आहे.

हे सारे ज्ञान गावातील सुतार आणि लोहार यांच्या हातात शतकानुशतके होते. बलुतेदारीच्या व्यवस्थेत त्यांना धान्य मिळाले, पण त्यांच्या कसबाला विद्येचा मान मिळाला नाही. हाताने करण्याचे काम खालचे आणि अक्षरांचे काम वरचे, अशी उतरंड समाजाने उभी केली. त्यामुळे लाकूड का फुगते हे जाणणाऱ्याला ते लिहिता आले नाही आणि लिहिणाऱ्याला ते जाणून घ्यावेसे वाटले नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा पाया करण्याचा विचार मांडला, तो ही दरी बुजवण्यासाठीच. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले आणि ज्यांनी दरम्यान शेतात, जंगलात वा कारखान्यात काम केले, त्यांच्याजवळ असे ज्ञान आजही असते. शाळेबाहेर गेलेली ती वर्षे अज्ञानाची वर्षे नव्हेत. हातांना ठाऊक असलेल्या गोष्टीचे कारण शब्दांत मांडता आले, तर ती दुसऱ्याला शिकवता येते आणि चुकीची रीत सुधारताही येते.

भाषेने पाचरीवर थोडा अन्यायच केला आहे. 'पाचर मारणे' म्हणजे चाललेल्या कामात अडथळा आणणे, असा अर्थ मराठीत रूढ झाला. पंचतंत्रातील माकड मात्र पाचर उपटल्यामुळे प्राणास मुकले. अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातील पाचर कशासाठी आहे, हे त्याला कळले नव्हते. ती निरुपयोगी वाटली म्हणून त्याने ती ओढून काढली. कुऱ्हाडीच्या दांड्यातील बोटभर पाचरीकडेही माणसे अशाच नजरेने पाहतात. ती पडली तरी कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि ध्यानात आले तरी तिच्या जागी पाण्याची बादली येते. पुढील पावसाळ्यानंतर उन्हे तापू लागतील, तेव्हा घरोघरच्या कुऱ्हाडी पुन्हा हलू लागतील. त्या वेळी बादली भरण्याऐवजी कोणी वाळक्या बाभळीची कपची शोधून ती तासायला बसले, तर त्या घराचा एक मोठा धोका अर्ध्या तासात टळलेला असेल.